टाळू रुंद करून देतो म्हणाले आणि १,३८,००० रुपये घेऊन गेले

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत तेरा वर्षे कर्जविभागात काम करते. समोर बसलेल्या सभासदाला ‘सही करण्याआधी नीट वाचून घ्या’ असे दिवसातून दहा वेळा सांगणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. तरीही २०२३ च्या मे महिन्यात एका दवाखान्यात बसून, मोबाइलवर आलेला ओटीपी मी समोरच्या मुलीला स्वतः वाचून दाखवला आणि १,१७,००० रुपयांचे कर्ज डोक्यावर घेतले. हे लिहिताना लाज वाटते. सासूबाईंना पूर्ण आकडा अजूनही ठाऊक नाही.

माझा वरचा जबडा लहानपणापासून अरुंद आणि खालचा जरा पुढे आलेला. मागच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, त्याला क्रॉसबाइट म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. पुढचे दात एकमेकांना टेकत नसल्यामुळे तांदळाची भाकरीसुद्धा मी बाजूच्या दातांनी तोडत आले. पस्तिशीनंतर जांभई दिली की कानापुढचा सांधा कटकन वाजू लागला आणि सकाळी डोके जड होऊ लागले. छत्तिसाव्या वर्षी दात सरळ करायला निघाले म्हणून मला हसणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ही हौस नव्हती.

तालुक्याच्या ठिकाणी एका सभागृहात मोफत दंततपासणी शिबिर झाले. महिन्यातल्या दोन रविवारी मुंबईहून येणारे ‘जबडा स्पेशालिस्ट’ तिथे बसले होते. त्यांनी टॉर्चने अर्धा मिनिट पाहिले आणि म्हणाले, ‘ताई, ऑपरेशनबिपरेशन विसरा. टाळूत एक स्क्रू बसवतो, तुम्ही घरीच रोज चावी फिरवायची. सहा महिन्यांत जबडा रुंद, दात जागेवर, घोरणेही बंद.’ मूळ खर्च १,८५,००० रुपये, पण शिबिरातून आलेल्यांना त्याच दिवशी नाव नोंदवले तर १,३८,०००. पुढचे तुम्ही ओळखले असेलच. आंब्याच्या पेट्यांचे पैसे नुकतेच हातात आले होते, त्यातले २१,००० रोख दिले. उरलेल्या रकमेचे ६,५०० रुपयांचे अठरा ‘बिनव्याजी’ हप्ते झाले. बिनव्याजी हप्ता म्हणजे दवाखान्याची उधारी नव्हे, ते एका वित्त कंपनीचे माझ्या नावावरचे कर्ज असते आणि त्याची रक्कम उपचाराची सुरुवात होण्याआधीच दवाखान्याच्या खात्यात जमा होते. हे मला कळायला नको होते का? कळायला हवे होते. रोख रकमेची पावती त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिली, तीही मी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

जून महिन्यात चार दाढांना धातूच्या पट्ट्या चिकटवून मधोमध तो स्क्रू बसवला. काडीएवढी चावी मिळाली. ती घशात जाऊ नये म्हणून तिला लाल दोरा बांधून मी तो मनगटाला गुंडाळत असे. रात्री जेवणे आटोपली की न्हाणीघरातल्या आरशासमोर तोंड उघडे ठेवून, दातांत टॉर्च धरता येत नाही म्हणून यजमानांच्या हातात देऊन, मी ती चावी स्क्रूच्या भोकात घालून मागे ढकलत असे. एका फेऱ्याला पाव मिलिमीटर. दाढांच्या मुळांशी कळ उठायची, नाकाच्या बाजूला दाब यायचा आणि मला वाटायचे, काम होते आहे.

आता ज्या क्षणाने माझी झोप अजून उडते, तो सांगते. माझ्या जाऊबाईंची अकरा वर्षांची मुलगी कोल्हापूरला असाच स्क्रू लावून आली होती. जुलैमध्ये ती सुट्टीच्या दिवशी घरी आली. तिच्या वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये चांगली बोटभर वाटावी अशी फट पडली होती आणि तिच्या डॉक्टरांनी तिला सांगितले होते की टाळूचा सांधा उघडल्याची हीच खूण. तिने माझ्या तोंडात डोकावून विचारले, ‘काकू, तुझी फट कुठाय?’ त्या दिवशी माझे एकतीस फेरे झाले होते, म्हणजे पावणेआठ मिलिमीटर. फट केसाएवढीही नव्हती. अकरा वर्षांच्या पोरीला जे दिसले, ते मी पाहिले आणि डोळ्यांआड केले. रविवारी मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘मोठ्या माणसांत फट पडता पडताच भरते.’ मी हे मान्य केले, कारण न मानणे म्हणजे १,३८,००० रुपये गेले असे मानणे होते. आणखी सात फेरे फिरवले.

ऑगस्टमध्ये वरच्या दाढा बाहेरच्या बाजूला कलल्या, हिरड्या वर सरकल्या आणि एक उपदाढ बोटाने हलू लागली. गणपतीनंतर रात्रीच्या कोकणकन्येने मुंबई गाठली. तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढायला लावले आणि पडद्यावर मला माझाच टाळू दाखवला. लहान वयात वरच्या जबड्याचे दोन भाग मधोमध एका शिवणीने जोडलेले असतात, म्हणून स्क्रूने ते अलग होतात. वय वाढत जाते तशी ही शिवण हाडाने सांधली जाते आणि मग नुसता दातांवर बसवलेला स्क्रू जबडा न उघडता दातांनाच हाडाबाहेर ढकलतो. माझे नेमके तेच झाले होते. काही तरुण प्रौढांत टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवून, म्हणजे मार्पे पद्धतीने, शिवण उघडते. ती उघडेल की नाही याचा अंदाज घेण्यासाठीच सीबीसीटी लागते. नाहीतर हाडाला शस्त्रक्रियेने काप देऊन रुंदीकरण करावे लागते, ते सार्पे. माझ्यासारखा खालचाही जबडा पुढे असेल तर दातांना तारा लावून, बऱ्याच महिन्यांनी, वरचा आणि खालचा जबडा हलवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे जबडा-चेहऱ्याचे शल्यचिकित्सक, भूल देऊन रुग्णालयातच करतात. माझी मात्र त्या दवाखान्यात फक्त ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा साधा एक्स-रे, काढली होती. त्या सपाट चित्रात टाळूची शिवण दिसतच नाही. ‘सीबीसीटी नको का?’ असे मी विचारले होते, एवढे तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते; ‘उगाच खर्च’ असे उत्तर मिळाले होते.

दिवाळीनंतर दवाखान्याचे शटर कायमचे खाली आले. वैद्यकीय विम्यातून पैसे परत मिळतील असेही त्यांनी सांगितले होते. विमा कंपनीने अपघाताविना झालेला दातांचा उपचार पॉलिसीत बसत नाही असे एका ओळीत कळवले. वित्त कंपनी म्हणाली, दवाखान्याचे दवाखान्याशी, आमचा हप्ता पाच तारखेला. पतसंस्थेत नोकरी करून स्वतःचे सिबिल बिघडवणे मला परवडणारे नव्हते, म्हणून अठराच्या अठरा हप्ते भरले.

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या खेपेला ‘उपचार तर झाले ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकवले. तिसऱ्या खेपेला एका हवालदाराने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि ‘दिसताय तर बऱ्या’ असा निर्वाळा दिला. मी तक्रार अर्जाची पोच मागितली तेव्हा शिक्का सापडेना. एका शासकीय कार्यालयाने मला दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने प्रतिज्ञापत्र मागितले, प्रतिज्ञापत्र दिल्यावर त्या दवाखान्याचा सध्याचा पत्ता मागितला. अहो, पत्ता माझ्याजवळ असता तर मी तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते? चार महिन्यांनी उत्तर आले की प्रकरण ‘योग्य त्या प्राधिकरणाकडे’ वर्ग केले आहे. योग्य ते कोणते, हे पत्रात नव्हते. एका टेबलावरच्या गृहस्थांनी तर डॉक्टर ग्राहक कायद्यात येत नाहीत असे ठणकावून सांगितले, आणि मी ते खरे मानून दोन महिने वाया घालवले. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ चा आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकिलाविनाही चालते. कागद जोडताना मात्र रडू आले. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांकच नव्हता. प्रत्येक दंतवैद्याची राज्य दंत परिषदेकडे नोंद असते आणि तो क्रमांक मागणे हा उद्धटपणा नाही. ‘स्पेशालिस्ट’ हा शब्द कोणीही पाटीवर रंगवून घेतो. नावापुढे ऑर्थोडॉन्टिक्समधले एमडीएस, म्हणजे दात-जबडे सरळ करण्याच्या शाखेतली पदव्युत्तर पदवी, आहे का, हे बघा. मी ज्यांच्याकडून करून घेतले, त्यांच्या नावावर नोंदवहीत नुसते बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी, निघाले. रोख देऊ नका. ‘आजच्यापुरती सूट’ ऐकलीत की चप्पल घालून बाहेर पडा. ओटीपी सांगण्याआधी कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव विचारा, आणि प्रौढ वयात स्क्रू फिरवूनही फट दिसत नसेल तर पुढचा फेरा फिरवू नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

ती हलणारी उपदाढ अखेर काढावी लागली. हिरड्या सावरल्याशिवाय तारा लावता येणार नाहीत आणि तारा लागल्याशिवाय शस्त्रक्रियेचे नाव काढता येणार नाही, असे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. आयोगात मागच्या तारखेला समोरची बाजू आली नाही. नोटीस ‘पत्त्यावर कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली होती. लाल दोऱ्याची चावी मी पुराव्यात जोडली आहे.