टेराकोटा की स्टोनवेअर? बाईच्या देहाची फुलदाणी घेताना

धाकट्या बहिणीला बाईच्या देहाच्या आकाराची, हाताने घडवलेली फुलदाणी हवी आहे. सुटलेलं पोट, ओघळलेले स्तन, बाळंतपणाच्या रेषा, सगळं जसंच्या तसं. टेराकोटा, म्हणजे कमी आचेवर भाजलेली लालसर माती घेऊ, की स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली घट्ट माती, इथे ती अडली आहे.

मी आधी पृष्ठभाग बघते. टेराकोटावर घडवणारीच्या बोटाचा ठसासुद्धा राहतो. ओटीपोटावरच्या रेषा नखाने ओढलेल्या कळतात. स्टोनवेअरवर जाड ग्लेझ, म्हणजे काचेसारखं लेपन, चढलं की त्याच रेषा बुजतात. पातळ ग्लेझ मात्र खाचांत साचून गडद होतं. शस्त्रक्रियेत एक स्तन काढलेल्या देहावरचा व्रण त्यात असा उठून दिसतो की हात आपोआप तिथे जातो.

पाण्याचं म्हणाल तर टेराकोटा साधारण १००० अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून ती पाझरते. नागपूरच्या मे महिन्यात माठाला हेच हवं असतं, पण फुलदाणीखालचं लाकडी टेबल खराब होतं. वर क्षारांचे पांढरे डाग. स्टोनवेअर १२०० अंशांपुढे भाजतात, ते पाणी धरतं, टवकाही सहज उडत नाही. बहुधा दोनदा भाजावं लागतं, म्हणून महाग.

सुकी फुलं ठेवायची असतील, मातीचा स्पर्श हवा असेल, तर टेराकोटा. रोज ताजी फुलं असतील तर पातळ ग्लेझचं स्टोनवेअर. बहिणीच्या गच्चीवर उन्हाळाभर मोगरा फुलतो. तिने स्टोनवेअरच घ्यावं.