संग्रहालयाच्या वेबसाइटवर स्कीमा मार्कअप: वर्षभर वापरल्यानंतर (आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारचं दुखणं)

गेल्या महिन्यात आमच्या संग्रहालयाच्या वेबसाइटची थीम (पानांचा साचा) बदलली आणि वर्षभर जपलेलं सगळं स्कीमा मार्कअप, म्हणजे नाव, पत्ता, वेळ यंत्राला कळेल अशा ठरावीक रकान्यांत लिहिलेली पानामागची माहिती, पुसलं गेलं. वेबसाइट सांभाळणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "पानावर सगळं जिथल्या तिथं दिसतंय, मग गेलं काय?" अहो, पानावर दिसण्यासाठी ते नव्हतंच. ते शोधयंत्राने वाचायचं असतं. वर परत बसवायचे वेगळे पैसे मागितले, आणि तेही आमच्या दोन महिन्यांच्या तिकीटविक्रीएवढे. तेव्हाच ठरवलं की एकदा सगळं लिहून काढायचं, म्हणजे दुसऱ्या कुणा छोट्या संग्रहालयाचे पैसे तरी वाचतील.

आमचं संग्रहालय तालुक्याच्या गावातलं, ट्रस्टचं. दोन दालनं, नाणी, शस्त्रं, पोथ्या, थोडी भांडी. कर्मचारी मोजकेच. वेबसाइटचं काम मी हौसेने करतो.

पहिली गोष्ट पैशांची. स्कीमा डॉट ऑर्गचा शब्दसंग्रह, म्हणजे या रकान्यांची ठरलेली नावं, २०११ पासून सगळ्यांना खुला आहे आणि फुकट आहे. जेसन-एलडी या मांडणीतला मार्कअपचा तुकडा साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येतो. मार्कअप तपासायची गूगलची रिच रिझल्ट टेस्ट फुकट, स्कीमाचा स्वतःचा तपासनीस, म्हणजे व्हॅलिडेटरही फुकट. तरी आम्हाला आलेल्या कोटेशनमध्ये 'एफएक्यू स्कीमा' म्हणून वेगळी रक्कम लावली होती. एफएक्यू म्हणजे शोधनिकालाखाली उघडणारी नेहमीच्या प्रश्नोत्तरांची घडी. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्येच ती फक्त नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटींपुरती मर्यादित केली. आमच्यासारख्यांना तिचा काडीचा उपयोग नाही. कुणी एफएक्यूचे पैसे मागितले तर तिथेच नाही म्हणा.

दुसरं, प्रकार कुठला निवडायचा. आमची नोंद आधी 'लोकलबिझनेस' अशी होती, म्हणजे दुकानाच्या रांगेत. स्कीमात 'म्युझियम' हा प्रकार धंद्याखाली येत नाही, 'सिव्हिकस्ट्रक्चर'खाली, म्हणजे सार्वजनिक वास्तूंच्या घराण्यात येतो. ते मला मनापासून आवडलं. पण गूगलच्या मार्गदर्शिकेत वेळ-पत्ता-फोन यांची मांडणी लोकलबिझनेसच्या नावाने आहे. म्हणून आता आम्ही दोन्ही प्रकार एकत्र देतो. जेसन-एलडीत ते चालतं, व्हॅलिडेटर तक्रार करत नाही.

आता खरं दुखणं. आमच्याकडे सोमवारी सुट्टी असते, आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारीही. ही पद्धत जुनी. राज्य सरकारची कार्यालयं पूर्वी अशीच चालायची, फेब्रुवारी २०२० अखेरीस त्यांचा पाच दिवसांचा आठवडा झाला. बँका २०१५ पासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात. महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही 'दुसरा शनिवार' म्हणजे काय ते कळतं. स्कीमाच्या वेळापत्रकात मात्र ते सांगायला जागाच नाही! ओपनिंगअवर्सस्पेसिफिकेशनमध्ये वार, उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ, आणि हे कधीपासून कधीपर्यंत लागू, एवढेच रकाने. महिन्यातला कितवा शनिवार, हे कुठेच बसत नाही.

मग उपाय काय, तर विशेष वेळांची यादी. एकेक तारीख लिहायची आणि उघडायची व बंद व्हायची वेळ दोन्ही शून्य-शून्य द्यायची. याचा अर्थ दिवसभर बंद. वर्षाच्या अशा चोवीस नोंदी. शिवाय गणपती, दिवाळी, धुळवड. हे सगळं दर जानेवारीत कॅलेंडर शेजारी ठेवून भरायचं.

आणि हे तंत्राला जमत नाही असंही नाही. त्याच स्कीमात कार्यक्रमांसाठी 'शेड्यूल' नावाचा प्रकार आहे, त्यात महिन्याचा कितवा आठवडा ते सांगता येतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारचं व्याख्यान लिहिता येतं, पण त्याच शनिवारी दार बंद आहे हे लिहिता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशात तर हीच गोष्ट शनिवारपुढे चौकटी कंसात २ आणि ४ लिहून, पुढे 'ऑफ' टाकून संपते. एका ओळीचं काम. हे पाहिल्यापासून माझी चिडचिड जास्तच वाढली. बसचे दोन तास घालवून आलेली माणसं दाराला कुलूप बघून परत जातात, तेव्हा 'यादीत तारीख टाकायची राहिली' हे कारण त्यांना काय सांगायचं?

मराठी साइट चालवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पानावर आपण '१०.३० ते ५.३०' लिहितो, आणि तसंच लिहावं. मार्कअपमध्ये मात्र वेळ इंग्रजी अंकांत, चोवीस तासांच्या घड्याळाने आणि मध्ये विसर्ग चिन्हासारखे दोन ठिपके देऊनच लागते. देवनागरी अंक यंत्र वेळ म्हणून स्वीकारत नाही. दुपारी जेवणाची सुट्टी असेल तर एकाच वारासाठी दोन नोंदी करायच्या, सकाळची वेगळी आणि दुपारची वेगळी. हे व्यवस्थित चालतं.

सुरुवातीचे काही महिने माझं मत होतं की हा सगळा खटाटोप वाया आहे. मार्कअप टाकलं, तपासलं, हिरवी खूण आली, आणि शोधनिकालात उजवीकडे जी चौकट येते तिच्यात तसूभरही फरक नाही. नंतर नीट वाचल्यावर कळलं की ती चौकट मुख्यतः गूगल नकाशावरच्या बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे तिथल्या आपल्या नोंदीतून भरते. संग्रहालय म्हणून वेगळा सजवलेला निकाल गूगलकडे नाही. मार्कअपमुळे क्रमांक थेट वर जातो असंही गूगल म्हणत नाही. तेव्हा 'पहिल्या पानावर आणून देतो' असं सांगून कुणी स्कीमा विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग मत बदललं ते दोन कारणांनी. पहिलं म्हणजे प्रदर्शन. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, त्या आठवड्यात आम्ही नाण्यांचं प्रदर्शन भरवलं आणि त्याची 'एक्झिबिशनइव्हेंट' म्हणून वेगळी नोंद केली: सुरुवात, शेवट, जागा, तिकीट. तारखेपुढे भारतीय वेळेचा फरक, अधिक साडेपाच तास, तोही लिहिला. ती नोंद शोधात तारखेसकट दिसली आणि लोक मोबाइल दाखवत विचारत आले. तिकिटाचा दरही इथेच नीट देता आला. नुसत्या 'म्युझियम'मध्ये दरासाठी रकाना नाही, प्रवेश मोफत आहे की नाही एवढंच सांगता येतं.

दुसरं कारण नावांचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या संग्रहालयांना एकच नाव क्वचित असतं. नागपूरचं १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय गावाला 'अजब बंगला' म्हणूनच माहीत. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला जुने मुंबईकर आजही प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात. स्कीमात 'अल्टरनेटनेम'मध्ये अशी हवी तितकी नावं देता येतात, देवनागरीतली आणि रोमनमधलीही. आमच्या संग्रहालयालाही गावात वाड्याच्या नावाने ओळखतात. ते नाव टाकल्यावर तशा शोधातही आमचं पान येऊ लागलं.

गावांच्या नावांचंही तेच. औंधचं श्री भवानी संग्रहालय, जिथे राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आहे, ते साताऱ्याच्या औंधात. पुण्यातही औंध आहे. नुसतं 'औंध' लिहून कसं भागेल? पत्त्यात जिल्हा, पिनकोड, आणि अक्षांश-रेखांश वेगळ्या रकान्यात दिले की घोटाळ्याला जागा राहत नाही. 'सेमअ‍ॅज'मध्ये, म्हणजे 'हीच ती जागा' असं सांगणाऱ्या रकान्यात, विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यातल्या नोंदीचा दुवाही द्या. देण्याआधी ती नोंद उघडून बघा. आमच्या नोंदीत ठिकाणाची खूण शेजारच्या गावात होती, ती आम्हीच दुरुस्त केली. विकिडेटावर दुरुस्ती कुणालाही करता येते.

वर्षभरात सगळ्यात उपयोगी ठरलं ते मात्र शोधनिकालाच्या बाहेरचं. मार्कअपसाठी वेळा आणि सुट्ट्या एका फाइलमध्ये लिहाव्या लागल्या. त्याआधी दारावरची पाटी एक सांगायची, नकाशा दुसरं, आणि तिकीट खिडकीवरचा कागद तिसरंच. आता विश्वस्तांच्या बैठकीत सुट्ट्यांची यादी मंजूर होते, ती फाइलमध्ये जाते आणि तिथूनच पाटी, नकाशा, वेबसाइट, सगळं भरलं जातं. 'आज चालू आहे का?' असे फोन कमी झाले, ते माझ्या मते यामुळेच.

म्हणूनच ती फाइल थीमच्या पोटात ठेवणं धोक्याचं. आमची तिथेच होती, थीमबरोबर गेली. ऑफिसच्या संगणकावर प्रत होती म्हणून एका संध्याकाळी मी परत बसवली, पैसे न देता. या वेळी थीमच्या बाहेर, वेगळ्या छोट्या प्लगइनमधून (साइटला जोडायच्या स्वतंत्र तुकड्यातून). वेबसाइटच्या नव्या करारात आता एक कलम घातलंय: कुठलाही बदल केल्यावर व्हॅलिडेटरचा निकाल जोडल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. दोन शनिवारसाठी कापले, अर्धा नावांच्या सोयीसाठी परत दिला. स्कीमाच्या सुधारणांची चर्चा गिटहब या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळावर उघड चालते, कुणीही सूचना मांडू शकतं. 'महिन्याचा कितवा आठवडा' हा रकाना ठिकाणांच्या वेळापत्रकालाही द्या, अशी मागणी मी लिहायला घेतली आहे. तुमचं संग्रहालय, वाचनालय किंवा दवाखाना दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असेल तर पूर्ण वेळापत्रकासकट खाली लिहा. एकट्या आमच्या उदाहरणापेक्षा दहा गावांची उदाहरणं जोडलेली बरी.