लॅटिन धातूंवरून इंग्रजी शब्द शिकण्याची पद्धत : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि नोकरी एका नागरी सहकारी बँकेत आहे. रिझर्व्ह बँकेची परिपत्रके, ऑडिटचे अहवाल आणि वकिलांकडून आलेले मसुदे रोज इंग्रजीतून वाचावे लागतात. शब्दांच्या याद्या पाठ करण्याची सवय शाळेपासूनची असली, तरी त्या याद्या परीक्षेपलीकडे टिकत नाहीत. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी लॅटिन धातूंच्या आधारे शब्द शिकण्याची पद्धत नियमाने वापरत आहे. वाचनासाठी आणि स्पेलिंगसाठी ती मला फार उपयोगी पडली. बोलण्यासाठी तिचा उपयोग जवळजवळ नाही.

या पद्धतीच्या पुस्तकांत बहुधा एक धातू आणि त्याखाली पंधरा-वीस शब्द अशी मांडणी असते. ती मी लवकरच सोडली, कारण त्यांतले बरेच शब्द माझ्या वाचनात कधी येतच नाहीत. त्याऐवजी कामाच्या कागदात अडलेला शब्द घ्यायचा, ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरीत, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती देणाऱ्या कोशात, त्याची फोड पाहायची आणि ज्या वाक्यात तो आला ते पूर्ण वाक्य वहीत त्या धातूच्या पानावर उतरवायचे, असा क्रम ठेवला. उजळणीसाठी अँकीड्रॉइड हे दुहेरी कार्डे दाखवणारे मोफत अ‍ॅप वापरतो. कार्डाच्या दर्शनी बाजूस वाक्य आणि मागे फोड व अर्थ असतो. केवळ धातू आणि त्याचा अर्थ अशी कार्डे करू नयेत असे माझे मत आहे, कारण तसे केल्यास पाठांतर आणखी एका भाषेचे होते आणि इंग्रजी जिथल्या तिथे राहते.

माझ्या वहीतले सर्वांत भरलेले पान ‘कुरेरे’ म्हणजे धावणे या क्रियापदाचे आहे. करंट खाते, रिकरिंग ठेव, करन्सी आणि कन्करंट ऑडिट हे चारही शब्द बँकेतला शिपाईसुद्धा दिवसातून अनेकदा उच्चारतो, आणि ते चारही याच एका धातूपासून आलेले आहेत. चलन म्हणजे लोकांत फिरते राहणारे, रिकरिंग म्हणजे पुन्हा पुन्हा धावत येणारे, कन्करंट म्हणजे व्यवहारांबरोबर चालणारे, असे एकदा डोक्यात बसले की ‘इन्कर’, ‘रिकोर्स’ आणि ‘प्रिकर्सर’ हे अनोळखी शब्द परके वाटत नाहीत. माहीत असलेल्या शब्दापासून सुरुवात केली तर धातू पाठ करावाच लागत नाही, ही या पद्धतीतली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट आहे. शाळेच्या बोनाफाईड दाखल्यातला ‘फिडेस’ म्हणजे विश्वास, आणि नोटरीसमोर करावयाच्या अ‍ॅफिडेव्हिटमध्येही तोच आहे. तेथून ‘कॉन्फिडेन्शियल’पर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

मराठी माणसाला, त्यातही आठवी ते दहावी संस्कृत घेतलेल्याला, ही पद्धत इतरांपेक्षा सोपी जाते. एकाच ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार होतात, हे आपण शाळेत शिकलेले असतो. लॅटिनमध्ये फेकणे या अर्थाच्या धातूपासून रिजेक्ट, इजेक्ट, इंजेक्ट आणि प्रोजेक्ट होतात, तेव्हा समजून घेण्यासारखे नवे काही उरत नाही. शिवाय अनेक धातू मुळात एकाच कुळातले आहेत. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाविषयी जे मांडले, त्याचा प्रत्यय वहीच्या पानापानावर येतो. ‘स्था’ आणि ‘स्तारे’, ‘भृ’ आणि ‘फेरे’, ‘युज्’ आणि ‘युंगेरे’ ही नाती उघड आहेत. क्रेडिट या शब्दामागचा ‘क्रेदो’ आणि आपली श्रद्धा यांचे मूळ एक आहे, हे कळल्यावर कर्जविभागातील सहकाऱ्यांना ते सांगितल्याशिवाय मला राहवले नाही.

या संदर्भात ‘सेदेरे’ म्हणजे बसणे या क्रियापदाबद्दल थोडे अधिक लिहितो. सभासद आणि परिषद या शब्दांतला ‘सद्’ तोच. सेशन, प्रिसाइड, सेडिमेंट हे शब्द त्यातून सरळ उलगडतात. असेसमेंटमधला ‘असेस’ म्हणजे मुळात न्यायाधीशाशेजारी मदतीला बसणे. सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक येतो, तेव्हा आदेशात ‘सुपरसीड’ हा शब्द असतो. त्याची फोड ‘वर बसणे’ अशी होते, आणि सभासदांनी निवडून दिलेल्या मंडळाच्या डोक्यावर कोणीतरी बसले हे चित्र इतके चपखल आहे की शब्द विसरणे अशक्य व्हावे. परंतु मूळ लॅटिन क्रियापदाचा रूढ अर्थ एखादी गोष्ट करण्याचे टाळणे असा होता, आणि दुसऱ्याची जागा घेणे हा अर्थ पुढे आला. म्हणजे जे चित्र मला मदत करते, ते शब्दाच्या इतिहासाशी पूर्ण जुळत नाही. धातू अर्थ लक्षात ठेवायला मदत करतो. अर्थ शोधून देईलच असे नाही.

स्पेलिंगच्या बाबतीत मात्र मी निःशंकपणे शिफारस करीन. उत् आणि लेख यांचा संधी होऊन उल्लेख होतो, त्याच न्यायाने ‘इन’ आणि ‘लीगल’ मिळून इल्लीगल होते आणि दोन एल का हे वेगळे सांगावे लागत नाही. अकॉमोडेटमध्ये ‘अ‍ॅड’ आणि ‘कॉम’ असे दोन उपसर्ग आहेत, म्हणून दोन सी आणि दोन एम. रेकमेंडमध्ये ‘री’पुढे ‘कमेंड’ आहे, म्हणून सी एकच आणि एम दोन. सुपरसीडमध्ये सी नसून एस का, हे वर आलेच आहे. कार्यालयीन पत्रांत चुकणाऱ्या शब्दांचा मोठा भाग एवढ्या उपसर्गज्ञानाने दुरुस्त होतो.

आता दोष. ‘इन’ या उपसर्गाचा अर्थ कधी नकार असतो आणि कधी आत. पेट्रोलच्या टँकरवर लिहिलेल्या ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ न पेटणारे असा कोणी काढला तर अनर्थ होईल, हा घोळ टाळण्यासाठीच पुढे ‘फ्लेमेबल’ हा शब्द सुरक्षेच्या फलकांवर आला. सारखे दिसणारे धातूही फसवतात. पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ पाऊल, तर बालरोगतज्ज्ञांच्या पाटीवरच्या पेडिअ‍ॅट्रिकमधला ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. होमिसाइडमधला ‘होमो’ म्हणजे माणूस, होमोजिनिअसमधला म्हणजे समान. याद्यांच्या पुस्तकांत हा भेद पुष्कळदा एका ओळीत उरकलेला असतो.

दुसरा त्रास रंजक कथांचा. ‘सिन्सिअर’ म्हणजे मेण न लावलेला पुतळा ही गोष्ट व्हिडिओंत फार ऐकू येते, पण तिला आधार नाही. सॅलरीचा मिठाशी असलेला शब्दसंबंध खरा आहे. मात्र रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळत असे, हे कोणताही प्राचीन लेखक सांगत नाही. गोष्टीने शब्द लक्षात राहतो हे मान्य, तरी कोशात पाहिल्याशिवाय ती वहीत उतरवू नये.

सर्वांत मोठी मर्यादा भाषेच्या पातळीची आहे. इंग्रजीतील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन किंवा फ्रेंचमधून आलेले असले, तरी घरात आणि रस्त्यावर चालणारे गेट, पुट, टेक, गिव्ह हे शब्द त्या घराण्यातले नाहीत. आपण घरी पाणी मागतो, जल मागत नाही. तसेच इंग्रज माणूस चहा पिताना ‘रिलिंक्विश’ म्हणत नाही, ‘गिव्ह अप’ म्हणतो. केवळ या पद्धतीवर विसंबणाऱ्याचे बोलणे सरकारी अधिसूचनेसारखे होते. स्पर्धा परीक्षेतील समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांसाठी ती घ्यावी, मुलाखतीच्या तयारीसाठी घेऊ नये.

आणि परिपत्रकांतही सारे लॅटिन नसते. ‘राइट ऑफ’, ‘सेट ऑफ’, ‘वाइंड अप’, ‘रोल ओव्हर’ यांचे अर्थ उपसर्ग-धातूच्या हिशेबात बसत नाहीत, आणि कर्जाच्या कागदात त्यांचा अर्थ चुकणे महागात पडते. त्यांच्यासाठी मी वही मागच्या बाजूने सुरू केली आहे. तिथे पानाला शीर्षक न देता वाक्ये जशी येतील तशी तारखेनुसार उतरवतो, आणि सध्या पुढच्या बाजूपेक्षा तीच पाने वेगाने भरत आहेत.