घाशीराम करणार असाल तर कपडेपट इथून घ्या

आमच्या नाट्यशास्त्र विभागाच्या मुलांबरोबर यंदा 'घाशीराम कोतवाल' हे पेशवाईतल्या पुण्याचं नाटक बसवलं. एकोणीस मुलं, त्यातल्या अकरा मुली, आणि प्रयोग तीन. सगळा कपडेपट पेठेतल्या या दुकानातून भाड्याने आणला. जुन्या वाड्याचा तळमजला आहे. पुढे काका वही घेऊन बसतात, आतल्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन चालू असतं.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. 'पेशवाईचं नाटक आहे' म्हटल्याबरोबर तिथे लग्नाच्या वरातीतले चकचकीत जरीचे फेटे पुढे आले. इथे काकांनी नाटकाचं नाव ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मुलं नाचणार किती वेळ?"

त्या एका प्रश्नावर मी हे दुकान पक्कं केलं. १९७२ साली जब्बार पटेलांनी तेंडुलकरांचं हे नाटक बसवलं तेव्हापासून बारा ब्राह्मणांची ती रांग म्हणजेच नाटकाचा पडदा आहे. रांग पाठ फिरवते, वळते, फुटते, पुन्हा जुळते, आणि जवळजवळ सगळा वेळ भास्कर चंदावरकरांच्या चालींवर पाय हलत असतात. अठराव्या शतकाचे कपडे म्हणून दिसायला सुंदर पण गुडघ्यात अडकणारं काही घातलं, तर पहिल्या दहा मिनिटांत रांग विस्कटते.

काकांनी रांगेसाठी बारा शिवलेली धोतरं दिली. आत नाडी, काष्टा पक्का टाचलेला, पण निऱ्या मोकळ्या, म्हणजे बसकण मारली तरी ताण येत नाही. नानासाठी, म्हणजे पेशव्यांच्या कारभाऱ्यासाठी, मात्र शिवलेलं धोतर द्यायला ते तयार नव्हते. "नाना फडणवीस नेसलेलाच हवा. त्याला धोतर सावरत चालता आलं पाहिजे," म्हणाले. तेव्हा मला हा हट्ट वाटला. पण आमचा नाना विशीतला मुलगा, एरवी ट्रॅकपँटमध्ये वावरणारा. खरं धोतर नेसून आठ दिवस तालीम केल्यावर त्याची चाल बदलली. डाव्या हातात सोगा आला, पावलं आखूड झाली, मान आपोआप ताठ झाली. बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, नानाचा पाय मुरगळतो आणि तो घाशीरामच्या पाठीवर पाय ठेवतो, त्या जागी त्याने धोतर किंचित उचलून पाय ठेवला. ते मी शिकवलं नव्हतं. म्हणून माझं सांगणं आहे, कपडे रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी आणू नका. काका तालमीसाठी जुना संच अर्ध्या भाड्यात देतात, तो दोन आठवडे आधी घ्या.

पगड्यांबद्दलही त्यांनी आम्हाला वाचवलं. मुलांना आज सत्कारात घालतात ती पुणेरी पगडी हवी होती. काकांनी ती हातात घेऊन सांगितलं की ही पुढच्या शतकातली, नानाच्या पुण्यात नको. मग पट्ट्या करून वळलेली पागोटी काढली, आतून कॅनव्हास लावलेली, वजनाला हलकी. मुलांनी सवाई माधवराव आणि नानाचं जेम्स वेल्स या इंग्रज चित्रकाराने काढलेलं चित्र छापून नेलं होतं. ते त्यांनी टेबलावर पसरलं आणि नानाच्या अंगरख्याचा पांढरा रंग त्यावरून ठरवला. आमच्या डोक्यात रेशमी जांभळा होता. पांढराच बरोबर होता. सगळ्या रांगेत पांढरा, आणि नानाचा त्यातला सगळ्यात तलम.

आता मुलींचं. आमच्या रांगेत सात मुली होत्या, आणि लांब केसांवर शेंडी-घेऱ्याचा टोप बसवणं हे कुठल्याही विद्यार्थी नाटकातलं मोठं दुखणं असतं. मागून फुगवटा येतो, कपाळावर शीव दिसते, घामाने टोप सरकतो. काकूंनी सातही जणींना समोर बसवून दाखवलं. केसांच्या चार बारीक वेण्या, त्या डोक्याला चपट्या गुंडाळून आकड्यांनी धरायच्या, वर जुन्या पायमोज्याची टोपी, मग टोप. शीव कपाळाच्या सुरकुतीवर आणायची आणि तिच्यावरूनच गंधाचं बोट ओढायचं. प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेतून मला स्वतःला शीव दिसली नाही. या कामाचे काकूंनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

मोत्यांच्या कंठ्याचा प्रसंग सांगायलाच हवा. नाना घाशीरामला कंठा बक्षीस देतो आणि गुलाबी या नाचणारीची माणसं तो हिसकावून घेतात. दुसऱ्याच तालमीत कंठा तुटला, रंगमंचभर मोती, आणि त्यावर अनवाणी नाचणारी मुलं. एकीचा घोटा थोडक्यात वाचला. परत नेला तर काकांनी तुटल्याचे पैसे लावले नाहीत. तंगुसात पुन्हा ओवून, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून दिला. आता तुटला तरी एकच मोती पडेल, म्हणाले.

आणि बाही. ३१ ऑगस्ट १७९१ ला पुण्यात घाशीराम सावळादासला, म्हणजे इतिहासातल्या खऱ्या कोतवालाला, लोकांनी दगडांनी ठेचून मारलं. त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले होते, त्याचा तो राग. आमच्या शेवटच्या प्रसंगात जमाव त्याचा कोतवालीचा अंगरखा ओढतो आणि उजवी बाही उपटली जाते, हे तिन्ही प्रयोगांत व्हायला हवं होतं. काकांनी आतून एक खोकं काढलं, बाद झालेल्या कपड्यांचं. त्यातला अंगरखा निवडला, बाही खांद्याशी उसवली आणि आतून सहा टिचबटणं लावून परत बसवली. ओढली की टर्रकन आवाज येतो, पण कापडाला काही होत नाही. पहिल्या प्रयोगाला तो आवाज आला आणि सभागृह एकदम गप्प झालं. घाशीराम करणारा मुलगा आत आल्यावर बराच वेळ ती बाही हातात धरून बसला होता. त्याचा मी दिग्दर्शक म्हणून केलेला सगळा समजुतीचा पाठ एकीकडे आणि ती बाही एकीकडे.

जे जमलं नाही ते गोऱ्या साहेबाचं. लाल कोट म्हणून जो मिळाला तो सरळ बँडपथकाचा होता, खांद्यावर सोनेरी झालर आणि छातीवर प्लास्टिकची बटणं. पेशव्यांच्या दरबारात तेव्हा इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता, त्या काळाशी या कोटाचा काही संबंध नाही. तीन हजारांवर भाडं भरताना असा कोट घ्यावा लागणं मला पटलं नाही, आणि मी ते काकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी कोटाचं भाडं वजा केलं. पण कोट तोच राहिला. घाशीरामच्या मुलीचं, गौरीचं, लुगडंही टेरिकॉटचं निघालं, दिव्याखाली चमकत होतं. ते आम्ही एका विद्यार्थिनीच्या आजीकडून सुती आणून बदललं.

भाडं तीन दिवसांचं धरतात. अंगरखा-धोतर-उपरणं मिळून १८० रुपये, टोप ६०, पागोटं ५०. अनामत रोख, पावती मिळते. धुलाई त्यांच्याकडे. डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं असतात, तेव्हा टोप शिल्लक राहत नाहीत. आम्ही मार्चमध्ये प्रयोग केले म्हणून बारा एकसारखे मिळाले. सोबत प्रत्येक मुलाची छाती, खांदा आणि डोक्याचा घेर लिहून न्या, तिथे चाळीस मिनिटं वाचतात.

सामान परत करायला मी दोन मुलांना घेऊन गेले. काकांनी यादीवर एकेक खूण केली, मग कोतवालाचा अंगरखा उलटा करून टिचबटणं मोजली. पाच होती. सहाव्याचे पैसे द्यायला लागले तर म्हणाले, "असू द्या मॅडम, बाही निघाली ना नीट?" आणि अंगरखा बादच्या खोक्यात न टाकता वरच्या दांडीला अडकवला.