रंग दे बसंती, २० वर्षांनी, मांडवातल्या खुर्चीवर बसून

आधी शोबद्दल लिहिते, कारण तिकीट काढायचं का नाही एवढंच ज्यांना बघायचंय ते पुढचं काही वाचणार नाहीत. आमच्याकडे एक फिल्म क्लब आहे, महिन्यातून एक जुना पिक्चर लावतात, तिकीट १५० रुपये, त्यात चहा. यावेळी रंग दे बसंती होता, २० वर्षं झाली म्हणून. हॉल छोटा, पडदा ठीकठाक, खुर्च्या मात्र लग्नाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या, आणि पावणेतीन तासाच्या पिक्चरला त्या खुर्च्या म्हणजे कंबरेची वाट. आवाजाचं तर विचारूच नका, डायलॉग एकदम बारीक आणि गाणं लागलं की खिडक्या हादरतायत, शेवटी मागचे एक काका उठले आणि ऑपरेटरच्या शेजारी जाऊन नुसते उभे राहिले, मग सुधारलं. इंटरव्हल भलत्याच सीनला केलं. चहा मात्र झकास, आलं ठेचून घातलेला, आणि दोनदा दिला.

आता पिक्चर.

मी हा २००६ ला बघितलेला, २६ जानेवारीला लागला होता, आम्ही तेव्हा सेकंड इयरला. बाहेर आल्यावर कोणीच बोलेना आणि मग पार्किंगमधे एक मैत्रीण गाडीला किक मारता मारता म्हणाली, आपण काय करतोय गं? उत्तर कोणाकडेच नव्हतं, वडापाव खाल्ला आणि घरी गेलो. यावेळी सोबत भाची होती, वय वर्षं १९, तिने तो कधीच बघितलेला नव्हता, म्हणून अर्धा वेळ मी पडद्याकडे आणि अर्धा वेळ तिच्या तोंडाकडे बघत होते.

गोष्ट बहुतेकांना माहितीये. सू नावाची ब्रिटिश मुलगी आजोबांची डायरी घेऊन दिल्लीला येते, भगतसिंग-आझादांवर डॉक्युमेंटरी करायची असते, आणि तिला रोल करायला मिळतात कोण तर कॉलेजची ही उनाड गँग. मला विचाराल तर पहिला अर्धा भागच खरा पिक्चर आहे. आमिरचा डीजे बघा, पास होऊन पाच वर्षं झाली तरी कॅम्पस सोडत नाही, कारण आत त्याला सगळे ओळखतात आणि बाहेर कोण विचारतंय. असा एक दादा प्रत्येक कॉलेजच्या कँटीनला असतोच की, आमच्याकडेही होता, बिल कधी भरायचा नाही. ही पोरं क्रांतिकारकांचे डायलॉग म्हणताना खी खी हसतात, कारण ते शब्द त्यांच्या तोंडात बसतच नाहीत. दिग्दर्शक राकेश ओमप्रकाश मेहरांनी हे हसू कापलं नाही आणि प्रवचनही दिलं नाही, म्हणून पुढचं पटतं. देशप्रेम त्यांच्यात झेंडा बघून येत नाही, दोस्त गेल्यावर येतं. माधवन हवाईदलात पायलट, त्याचं मिग पडतं, आणि मंत्री टीव्हीवर सांगतो की चूक पायलटचीच. पाकिस्तानला एक शिवी नाही की सीमेवरची आरडाओरड नाही, शत्रू आपल्याच सरकारात बसलेला. सेन्सॉरच्या वेळी हा पिक्चर संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सैन्यातल्या बड्या अधिकाऱ्यांना दाखवावा लागला होता, आणि तरी पास झाला. आज झाला असता का, हे भाचीने विचारलं, मी चहा प्यायले.

एक सीन सांगते. डीजे जेवतोय, तोंडात घास आहे, आणि तो घास गिळताही येत नाहीये आणि रडूही थांबत नाहीये. त्या सीनला हॉलमधलं कुरकुरेचं पाकीट वाजायचं थांबलं, बस्स.

आता तक्रार. पोरं इंडिया गेटला मेणबत्त्या घेऊन शांतपणे निषेध करतात, तिथे पोलीस लाठीमार करतात, आणि मग ठरतं, मंत्र्याला मारायचं. इथे भाची कानात म्हणाली, मावशी, यांनी आरटीआय का नाही टाकला? मला हसूच आलं, पण गंमत बघा, केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला, पिक्चरच्या फक्त तीन महिने आधी, आणि आपल्या महाराष्ट्राचा तर २००२ चाच. आता संरक्षणाचं कारण देऊन उत्तर टाळलं असतं हेही खरं, पण एक अर्ज, एक केस, काहीच नाही, मेणबत्त्यांवरून डायरेक्ट पिस्तूल? आणि ज्यांचं नाव घेऊन हे चाललंय त्या भगतसिंगांनी १९२६ ला नौजवान भारत सभा काढली, लेख लिहिले, १९२९ ला असेंब्लीत बॉम्ब टाकला तोही कोणी मरू नये असा, पळून न जाता स्वतःला पकडून दिलं, आणि मग जेलमधे उपोषण, त्यात जतीन दास ६३ दिवसांनी गेले. पिक्चरमधे साँडर्सचा वध दिसतो, पण ही वर्षानुवर्षांची घासाघीस जवळपास गायब. आठवड्याभरात क्रांती उरकली की कार्यकर्ता होण्यातलं कंटाळवाणं काम दिसतच नाही राव.

पण पब्लिक हुशार निघालं. पिक्चर लागल्यावर महिन्याभरात, २१ फेब्रुवारी २००६ ला, दिल्लीतली मॉडेल जेसिका लाल हिच्या खून खटल्यात सगळे आरोपी सुटले आणि मग दिल्लीत लोक खरोखर मेणबत्त्या घेऊन इंडिया गेटला गेले, पडद्यावर बघितलेलं तसंच्या तसं. केस हायकोर्टात गेली, डिसेंबरमधे मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. पिस्तूल थेटरातच राहिलं. नंतर मेणबत्तीचीही फॅशन झाली म्हणा, ऊठसूट मोर्चा आणि फोटो, तो वेगळा विषय.

आपल्या माणसांबद्दल लिहायलाच पाहिजे. अतुल कुलकर्णींचा लक्ष्मण पांडे हा मला अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात भारी रोल वाटतो, पक्षाचा कट्टर पोरगा, गँगमधल्या अस्लमचा राग राग करणारा, आणि शेवटी त्याच्याच हातात हात. मंत्री म्हणजे आपले मोहन आगाशे, थंडगार. राजगुरू मात्र बाजूलाच राहिले. पुण्याजवळच्या खेडचा माणूस, गावाचं नाव राजगुरूनगर झालं, साँडर्सवर पहिली गोळी त्यांची, आणि इथे राजगुरू झालेल्या शर्मन जोशीच्या वाट्याला बहुतेक कॉमेडीच. आमच्यातले अर्धे लोक त्या स्टँडवर एसटी बदलतात तरी पुतळ्याकडे बघत नाहीत, त्यामुळे मेहरांना तरी काय बोलायचं.

रहमानच्या गाण्यांना आणि लताबाईंच्या लुका छुपीला मार्क देणारी मी कोण.

पिक्चरला चार स्टार, एक कापला तो पिस्तुलाचा. शोला अडीच, त्यातला अर्धा चहाचा. जाणार असाल तर घरून उशी न्या आणि त्या काकांच्या जवळची जागा पकडा.