नवी लाइन फक्त अडीच फूट निघाली

नागपूरच्या मानेवाड्यातलं आमचं घर 1986 सालचं. बाथरूम तळमजल्यावर, फरशीखालून चार इंची बिडाचा पाइप आणि भिंतीपलीकडच्या सांदीत चेंबर. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्या ओढाताणीत जुने सांधे सुटतात. नहाणी तुंबायला लागली, तेव्हा टाइल्स बदलतोच आहोत तर लाइनही बदलू, असं ठरलं.

ठेकेदार ओळखीतून आलेला. "काकाजी, चेंबरपर्यंतचं बावीस फूट बीड काढून फेकतो. 110 मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाइप, टाइप बी." एसडब्ल्यूआर म्हणजे सांडपाण्याचा प्लास्टिक पाइप. लाइनीचे 21,000 वेगळे. हिशेब त्यानं आमच्याच कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडला. बिल नाही, सही नाही. मला तर त्यामुळे माणूस साधा वाटला!

"धुळीत कायले राहता?" म्हणून त्यानंच आम्हाला मुलीकडे धाडलं. हिला दमा, त्यामुळे पटलंही. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला : लांबच लांब चर, त्यात नवाकोरा पाइप. मी अंगठा पाठवला आणि पाठोपाठ उरलेले पैसे. परत आलो तेव्हा फरशी बसून सांधेही भरून झाले होते.

जुलैत झड लागली आणि नहाणीतून पाणी उलटं आलं. दोनदा तो 'येतो' म्हणाला, मग फोन उचलणंच बंद.

दुसऱ्या मिस्त्रीनं आधी काहीच फोडलं नाही. बादलीभर पाण्यात नीळ कालवून नहाणीत ओतली आणि मला चेंबरपाशी उभं केलं. निळं पाणी आलं, पण बारीक धारेनं, आणि अर्धी बादलीही भरली नसती. बाकीचं जमिनीत. मग त्यानं चार टाइल्स काढल्या. नवा पाइप जेमतेम अडीच फूट. त्याचं तोंड गरम करून, दाबून जुन्या बिडात कोंबलेलं आणि वरून सिमेंट थापलेलं. त्या चिंबलेल्या तोंडाशी केस आणि साबणाचा गोळा अडकलेला. पुढे गंजानं बिडाचं भोक निम्मं झालेलं. पाइपावर छापलेलं वाचलं तर टाइप ए. तो पातळ, पावसाच्या पाण्याचा. मैलापाण्याला टाइप बी लागतो.

फोटो पुन्हा उघडला. चरातली माती तांबडी! आमच्या सांदीत हातभर खणलं की काळीच लागते. घर दुसऱ्याचंच होतं.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला. पहिलाच प्रश्न बिलाचा. कॅलेंडरचं पान गणपतीच्या साफसफाईत कधीच रद्दीत गेलेलं.

नवी लाइन, नव्या टाइल्स धरून 34,000 गेले. रंग जुळला नाही, चार चौकोन वेगळे दिसतात. या वेळी मी खुर्ची टाकून बसलो होतो. चर बुजवण्याआधी उताराला लेव्हल लावून पाहिली, दर चाळीस इंचांना एक इंच, आणि पुन्हा निळीची बादली ओतायला लावली.

काम आटोपल्यावर मिस्त्री हात धुता धुता म्हणाला, "काकाजी, चेंबरचं झाकण नाही उचललं काहून तेव्हा? पाइपाचं तोंड तिथंच दिसते." खरंच, आदल्या आठवड्यापर्यंत तिथं तेच काळं बीड होतं. त्या झाकणावर मी रोज सकाळी तुळशीची कुंडी सरकवून ठेवत होतो.