‘तीन महिने पाणी नको’ म्हणून विकलेल्या कुंड्या

आठ कुंड्यांचे ४४,००० रुपये गेले आणि पाच मोठी झाडं मेली ती वेगळीच. गुहागरच्या बाजूला आमचं निवास-न्याहारीचं घर आहे. हल्ली किनाऱ्यावर होमस्टेवाल्यांना, डॉक्टरांना, निवृत्त होऊन गावी बंगला बांधणाऱ्यांना ‘मातीविना, वातीवर चालणाऱ्या मोठ्या कुंड्या’ विकायला माणसं फिरताहेत. सगळेच लबाड असतील असं मी म्हणत नाही. पण आम्हाला जो भेटला त्याची पद्धत इथे लिहून ठेवते, म्हणजे तसलाच दुसरा कुणी दारात आला तर ओळखता येईल.

वातीवरचं हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना पाण्यावर झाड वाढवणं, हे थोतांड नाही, हे आधी सांगते. खाली पाण्याचा साठा, वर मातीऐवजी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या किंवा परलाइट (फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) आणि कोकोपीट (काथ्याचा भुसा), आणि दोन्हींना जोडणारी वात. समईत तेल चढतं तसं पाणी वातीतून वर चढतं. पंप नाही, वीज नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही, त्यामुळे बिनपंपाचं काही म्हटलं की आम्ही कान टवकारतोच. त्यातून पावसात निवास बंद, आम्ही मुलाकडे पुण्याला, आणि हॉलमधल्या अरेका पाम, रबर प्लांट, मॉन्स्टेरा यांना पाणी घालायला गडी मिळत नाही. गरज खरी होती. विकणाऱ्याने सांगितलेलं तत्त्वही खरं होतं. लबाडी सगळी कुंडीच्या पोटात होती, जिथे झाड लावल्यावर कुणी हात घालत नाही.

गृहस्थ बोलायला गोड. पाच मिनिटांत मी ‘मॅडम’ची ‘वहिनी’ झाले आणि हे ‘दादा’. त्याने बॅगेतून काचेचा ग्लास काढला, निळं पाणी ओतलं, वर गोळ्यांची इवलीशी टोपली ठेवली आणि पांढरी वात सोडली. चहा पिऊन होईपर्यंत निळा रंग गोळ्यांपर्यंत पोचला होता. ‘वहिनी, हेच मोठ्या कुंडीत.’ इथेच मेख आहे. ग्लासातली वात जेमतेम चार बोटं होती. पहिली चार बोटं पाणी झरझर चढतं. पुढे उंचीबरोबर वेग मंदावतो, आणि वरच्या टोकाला दिवसाकाठी पोचणारं पाणीही घटत जातं. चांगली वात साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत कामाची. त्याच्या मोठ्या कुंडीत साठ्याच्या तळापासून मुळांपर्यंतचं अंतर हातभर होतं, मोजलं तर ४० सेंटिमीटर भरलं. ग्लासातल्या प्रयोगावरून त्या कुंडीबद्दल काहीही सिद्ध होत नव्हतं.

‘तीन महिने पाणी नको’ हा दावाही नुसत्या तोंडी हिशोबात कोसळतो. खालच्या साठ्यात १२ लिटर पाणी मावत होतं. डोक्याइतका अरेका पाम एप्रिल-मेमध्ये वाऱ्याच्या पडवीत दिवसाला अर्धा लिटर प्यायला असं धरलं, तरी १२ लिटर २४ दिवसांत संपतं. तीन महिन्यांना ४५ लिटर लागेल. कुणीही असा दावा केला तर साठा किती लिटरचा ते विचारा आणि त्याच्यासमोरच भागाकार करा.

त्याच्या मोबाइलवर दापोलीकडच्या एका रिसॉर्टचे फोटो होते, ओळीने कुंड्या, हिरवीगार झाडं. पुढे सगळं बिघडल्यावर तिथे फोन केला. व्यवस्थापक म्हणाले, ‘अहो, तो एक दिवस कुंड्या मांडून गेला, फोटो काढले आणि संध्याकाळी टेम्पोत भरून परत नेल्या. आम्ही घेतल्याच नाहीत.’ कृषी विद्यापीठाने या कुंड्या पसंत केल्यात असंही तो म्हणाला होता. कागद मागितला तर ‘पाठवतो’. तो कागद अजून येतोय.

निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी माल उतरल्यावर. यूपीआय करताना पडद्यावर आलेलं नाव त्याच्या कार्डावरच्या फर्मचं नव्हतं. विचारल्यावर ‘भावाचं खातं आहे, टॅक्सचं बघावं लागतं ना दादा’ असं हसून सांगितलं. बिल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलं ते कोटेशनच होतं, खाली जीएसटी नंबर. हा नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते मिनिटात कळतं. आमच्या कागदावरच्या नंबरात १४च अक्षरं होती.

कुंड्या एप्रिलमध्ये बसल्या. मेच्या मध्यापर्यंत अरेकाच्या पात्यांची टोकं तपकिरी झाली, रबर प्लांटची खालची पानं गळायला लागली. खाली साठ्यात पाणी तसंच, वर गोळ्या कोरड्या ठणठणीत. फोन केला. त्याचं उत्तर: ‘वहिनी, साठा तोंडोतोंड भरा.’ सगळ्यात मोठं नुकसान याच सल्ल्याने केलं. या पद्धतीत पाण्याची पातळी आणि आतल्या टोपलीचा तळ यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मोकळी हवा राहावी लागते, मुळं तिथून श्वास घेतात. तोंडोतोंड भरलं की टोपली पाण्यात बसते. जूनमध्ये पाऊस लागला, हवा इतकी दमट की पानांतून पाणी उडेना, झाड पिईना, आणि मुळं महिनाभर त्याच साचलेल्या पाण्यात. जी झाडं मेमध्ये तहान सोसून टिकली होती ती जुलैत कुजून गेली. शिवाय साठ्याच्या भोकाला जाळी नव्हती, त्यामुळे डासांच्या अळ्या. आशाताई सर्वेक्षणाला आल्या, बॅटरीचा झोत आत मारला आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते मी विसरणार नाही.

मग एक मेलेला रबर प्लांट पडवीत आडवा केला आणि कुंडी पालथी केली.

पहिल्यांदा बाहेर आल्या त्या ‘इम्पोर्टेड गोळ्या’. वरचा चार बोटांचा थर खरोखर गोल, हलक्या, भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा. त्याखाली लाल, कोनदार तुकडे. एक उचलून धुतला तर त्याला खाच होती, आणि बाजूला उठावाचं अर्धं अक्षर. मंगलोरी कौल! कारखान्याची छाप असते ना मागे, तिचा तुकडा. जुनी कौलं फोडून, चाळून, रंगाला रंग मिळवून भरली होती. कौलांचा चुरा झाडाला विष नाही, ऑर्किडवाले विटांचे तुकडे वापरतातच. पण आमच्या मागीलदारी अशा कौलांचा ढीग पडलाय, तो हवा तर मी गावाला फुकट वाटीन. त्याचे मी पोत्याला हजाराच्या वर मोजले होते. वजनाने कुंडी जागची हलत नव्हती आणि बारीक भुकटी तळाला चिखल होऊन बसली होती.

त्याच्या आत, मुळांभोवती, मच्छरदाणीच्या कापडात गुंडाळलेला नर्सरीतला मातीचा गोळा जसाच्या तसा. म्हणजे ‘मातीविना’ हेही नाही. मातीत वाढलेलं मोठं झाड या पद्धतीत आणायचं तर मुळं पाण्याने स्वच्छ धुवावी लागतात, तुटलेली छाटावी लागतात, आणि तरीही ते काही दिवस रुसतं. ती मेहनत नको म्हणून त्याने गोळा कापडात बांधून वर गोळ्या पसरल्या.

आणि वात. दोन बोटांनी ओढली तर मधेच तुटली. खालचा भाग काळा, बुळबुळीत, नाकाला झोंबणारा वास. वरचा भाग धुतल्यावर पायजम्याची सुती नाडी निघाली. सूत पाणी छान ओढतं, पण सतत भिजलेलं राहिलं की काही महिन्यांत कुजतं. कुंडीमागे अशी एकच नाडी, तीही टोपलीच्या भोकात गाठ मारून थांबवलेली. मुळांपर्यंत गेलेलीच नव्हती. दुसऱ्या एका कुंडीत तर होडीला बांधतात तो प्लास्टिकचा दोर होता, जो मुळात पाणी शोषत नाही म्हणूनच मच्छीमार घेतात.

कोकोपीट मिठाचं होतं. आपल्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजत घालण्याची रीत आहे, त्या काथ्याचा भुसा नीट धुतला नाही तर मीठ तसंच राहतं. नुसत्या पाण्याने सुटं मीठ जातं, तंतूंना चिकटलेलं सोडियम काढायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावं लागतं. आरओच्या पाण्यात मूठभर भुसा अर्धा तास भिजवून, पिळून, त्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला. आकडा बाराशेच्या वर. चांगल्या धुतलेल्या कोकोपीटला तो फार तर दोन-तीनशेने वाढतो.

‘संपूर्ण पोषण’ नावाची हिरवी बाटली वेगळ्या पैशांची. लेबलवर घटकांचं प्रमाण नाही. हायड्रोपोनिकचं खत सहसा दोन बाटल्यांत येतं, कारण तीव्र द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट एकत्र आले की साका होऊन तळाला बसतो. एकाच बाटलीत ‘सगळं’ असेल तर बहुतेक वेळा कॅल्शियम गाळलेलं असतं. सांगितलेलं प्रमाण पाण्यात घालून मीटर लावला, आकडा जेमतेम हलला. म्हणजे एकतर रंगीत पाणी किंवा युरिया, कारण युरिया टीडीएस मीटरला दिसत नाही. युरियाचं रूपांतर करणारे जिवाणू मातीत असतात, स्वच्छ गोळ्यांत ते नावालाच, त्यामुळे इथे त्याचा फारसा उपयोग नाही.

आता पैसे देण्याआधी काय करायचं. वात मागून घ्या, हातभर लांब, कोरडी. खायचा रंग घातलेल्या पाण्यात एक टोक बुडवून दुसरं टोक उंच टांगा आणि रात्रभर ठेवा. सकाळी रंग एक वीतसुद्धा चढला नसेल तर दार दाखवा. गोळ्या बादलीत टाका. खऱ्या गोळ्या कोरड्या असताना बहुतेक तरंगतात, कौलं एकजात बुडतात. पोतं वरून नव्हे, तळातून उपसून बघा. कोकोपीटची मीटर-चाचणी वर सांगितली तशी करा. मीटर चार-पाचशे रुपयांत येतो आणि मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ झालं की तेही त्यात कळतं.

राहिलेल्या तीन झाडांसाठी मग आम्ही घरीच कुंड्या केल्या, आणि त्या नीट चालल्यात. साठा उंच न करता रुंद आणि बुटका घेतला, जुने पसरट टब. त्यावर भोकांची टोपली, तळाखाली पीव्हीसी पाइपाचे तुकडे ठेवून उचललेली. बाहेरच्या टबाला हव्या त्या पातळीला ओव्हरफ्लोचं भोक पाडलं, म्हणजे कुणी कितीही पाणी ओतलं तरी टोपली बुडत नाही. त्याला नायलॉनची बारीक जाळी. वाती पीळदार नायलॉनच्या, गरम साबणाच्या पाण्यात धुतलेल्या, मोठ्या झाडाला चार, आणि टोपलीत मुळांच्या मध्यापर्यंत नेऊन पसरलेल्या. पातळी बघायला पारदर्शक नळी. महिन्याला एकदा वरून भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढते, कारण झाड पाणी पितं आणि क्षार मागे ठेवतं. पावसात पागोळ्यांखाली ठेवलं की तेही काम नाही. आणि पाणी तीन महिने पुरत नाही. अरेकाला उन्हाळ्यात पंधरवड्याला भरावं लागतं.

पैशांचं काय झालं? गणपतीपर्यंत फोन उचलत होता, नंतर नंबर बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, उत्तर आलं नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मालासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. होमस्टेवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: समोरचा वकील ‘माल व्यवसायासाठी घेतला, म्हणून हे ग्राहकच नाहीत’ असा मुद्दा काढतो. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या मालाला कायद्यात सूट आहे, तेव्हा निवास आपण स्वतः चालवतो याचे कागद पहिल्याच दिवशी जोडा. आम्ही नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं. शिवाय यूपीआयचा तपशील, कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘तोंडोतोंड भरा’, फोटो, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ती नाडी आणि अक्षराचा कौलतुकडा.

एकाच विक्रेत्याने अनेकांना तोच माल दिला असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एक तक्रार करता येते. आमच्याच तालुक्यातली आणखी दोन घरं आता आमच्याबरोबर येताहेत, त्यांच्याही कुंड्यांत कौलंच निघाली.